मदत हवी आहे: जुन्या कॉमिकवरची चिकटपट्टी आणि काळा रंग काढायचा आहे

शाईचा_डाग: नमस्कार. एका जुन्या कॉमिकच्या पाठीवर (पिना मारलेल्या दुमडीच्या कडेवर) चिकटपट्टी आहे, ती काढायची आहे. मुखपृष्ठावर कुठेतरी काळा रंग भरलेला आहे, तोही काढायचाय. घरात कॉमिक दुरुस्तीचं जुनं किट आहे, त्यातली बाटली वापरू का? आठ दिवसांत व्हायला हवं. कृपया फक्त "तज्ज्ञांकडे द्या" असं लिहू नका, तेवढा वेळ नाही.

पानगळ: बाटलीत काय आहे? पट्टी चकचकीत आहे की दुधाळ? रंग कुणी भरला, कशाने? अंक साधारण कुठल्या दशकातला? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

शाईचा_डाग: बाटलीवरचं लेबल गेलंय. पेट्रोलसारखा वास येतो. पट्टी पिवळी पडली आहे. वापरू की नको एवढंच सांगा ना.

पानगळ: नको. पिवळी पडली आहे म्हणजे बहुतेक रबराच्या गोंदाची जुनी सेलोफेन पट्टी. तो गोंद आधी मऊ पडून कागदात उतरतो आणि मग वर्षानुवर्षं कडक, तपकिरी होत जातो. वरची पट्टी कधीकधी आपोआप सुटते, डाग मात्र आत राहतो. तुमच्या बाटलीतल्या द्रवाने गोंद पातळ होऊन आणखी पसरेल आणि आतल्या न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्रासारख्या स्वस्त कागदावर) नकाशासारखा चट्टा उमटेल. शिवाय ते चटकन पेट घेणारं आहे. बंद खोलीत बूच उघडूसुद्धा नका.

बुकमार्क_हरवला: अंक कसल्या पिशवीत आहे ते आधी बघा. पीव्हीसीची असेल तर आजच बदला, तिच्यातला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) सुटून मुखपृष्ठाला चिकटतो. पॉलिस्टरची सगळ्यात चांगली, पॉलिप्रॉपिलीनही चालते. मागे आम्लरहित पुठ्ठा लावा. अंक उभे ठेवत असाल तर फार सैल ठेवू नका, वाकतात.

शाईचा_डाग: पिशवी ठीक आहे. मी पट्टीचं विचारलं होतं.

खळ_आणि_कागद: मी पुस्तकबांधणी शिकले आहे, म्हणून लिहिते. पट्टी काढायला द्रावण नको, ऊब द्या. हेअर ड्रायर लांब धरून कोमट वारा, आणि खाली सरकवायला पातळ बोथट पातं. पट्टी वर ओढायची नाही. ती तिच्याच पाठीवर दुमडून कागदाला जवळजवळ समांतर ओढायची, दोनतीन मिलिमीटर सुटली की थांबायचं. मुखपृष्ठाचा गुळगुळीत थर सोबत उचलला जातोय असं दिसलं तर तिथेच सोडून द्या. उरलेला चिकटपणा क्रेप रबराने (गोंद उचलणाऱ्या खरबरीत खोडरबराने) हलक्या हाताने गोळा होतो. तपकिरी डाग जाणार नाही, त्याच्या मागे लागू नका.

पट्टीखाली पाठ फाटलेली असेल तर आतल्या बाजूने जपानी टिशू (लांब तंतूंचा पातळ कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ लावा. टिशू कात्रीने कापू नका. ओल्या कुंचल्याने रेघ ओढून त्या रेघेवर फाडा, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि ते तंतूच कागदाला धरतात. खळ अगदी कोरडी हवी, न्यूजप्रिंटला पाणी सोसत नाही. ही दुरुस्ती पुढे कुणालाही ओलाव्याने सोडवता येते.

स्प्रे_मारा: खळीला कीड लागते, बुरशी येते. मी मॅग्नेशियम ऑक्साइडचा आम्लनाशक स्प्रे मारतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने याच तत्त्वावर अनेक वर्षं पुस्तकं वाचवली आहेत. न्यूजप्रिंटला हाच उपाय.

खळ_आणि_कागद: कीड जास्त लागते ती मैद्याच्या जाड खळीला. मी निव्वळ स्टार्च म्हटलंय, आणि तीही नखाएवढी. तुमच्या स्प्रेबद्दल माझी तक्रार नाही, तो पुढचं आम्ल थोपवतो. पण पिवळेपणा परत पांढरा होत नाही आणि फाटलेली पाठ स्प्रेने जुळत नाही. त्यांनी पट्टीचं विचारलंय.

निळंच_हवं: एकानेही मुख्य प्रश्न विचारला नाही. अंक विकायचा आहे का? विकायचा असेल तर रंग काढाच. १९८० च्या दशकात लोक हौसेने रंग भरून, तुकडे जोडून, कडा छाटून अंक "नवे" करत, आणि विक्रेते ते अभिमानाने सांगत. २००० साली सीजीसी या कंपनीचं ग्रेडिंग (अंकाची अवस्था तपासून दर्जा ठरवणं) आलं, असे रिस्टोअर केलेल्या अंकांना जांभळं लेबल मिळू लागलं आणि तेच अंक कुणाला नकोसे झाले. रंगाचा एक ठिपकाही जांभळ्यात ढकलू शकतो. उलट चिकटपट्टीला ते रिस्टोरेशन मानत नाहीत, नुसता दोष मानतात. म्हणजे पट्टी राहिली तर चालेल, रंग राहता कामा नये.

पानगळ: आणि त्या जांभळ्याच्या भीतीने लोकांनी काय केलं तेही सांगा. ब्लेडने रंग खरवडला, रंगाबरोबर मूळ छपाई गेली आणि हाती आला पांढरा ओरखडा. मी अशी मुखपृष्ठं पाहिली आहेत. छापलेल्या काळ्यावर पेनाचा काळा असेल तर खरवडताना दोन्ही वेगळे करता येतात का, सांगा बरं? आता कन्झर्व्हेशनला (अंक टिकावा एवढ्यापुरत्या दुरुस्तीला) वेगळं लेबल आहे. टिशू-खळीने जोडलेली पाठ, बदललेल्या पिना हे त्यात बसतं. दृष्टी बदलली आहे, तुम्ही वीस वर्षं मागे आहात.

निळंच_हवं: रंग त्यात बसत नाही, हेही लिहा. आणि मी मागे नाही, घेणारे मागे आहेत. मला कागदाची उघडी पांढरी घडी रंगवलेल्या घडीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

पानगळ: मताला हरकत नाही. शाईचा_डाग, मुखपृष्ठ उघडून आतून बघा. रंग भरला आहे त्याच्या बरोबर मागे काळपट किंवा जांभळट छटा दिसते का? मार्करची शाई आरपार झिरपते, ऍक्रिलिक रंग बहुतेक वरच बसतो. यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात धरा, भरलेला काळा छापील काळ्यापेक्षा वेगळा दिसतो.

शाईचा_डाग: आतून काही दिसत नाही. टॉर्चखाली चित्रातल्या नायकाच्या केपवर, कागदाच्या घडीवर, केसाएवढी रेघ वेगळी दिसली, दीड इंच असेल. नुसत्या डोळ्यांनी मला ती आजवर कधी दिसलीच नव्हती. विकायचा नाहीये. अंक माझ्या मोठ्या भावाचा आहे, किटही त्याचंच. तो येत्या रविवारी येतोय, तेव्हा नीट करून त्याच्या हातात द्यायचा होता. रंग भरलेला अंक म्हणजे खराब, असं सगळीकडे वाचलं म्हणून काढायला निघाले होते.

खळ_आणि_कागद: अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! भावाचा अंक आहे तर भावाला विचारा.

निळंच_हवं: विकायचा नसेल तर माझा सल्ला मागे घेतो. रेघेला हात लावू नका.

स्प्रे_मारा: स्प्रेचा विचार तरी करा. मुखपृष्ठाला नको, आतल्या पानांना.

शाईचा_डाग: काल रात्री फोन केला. तो म्हणाला, आधी फाटक्या अंकांवर पंधरा दिवस सराव केला होता, मग टेबलावरच्या दिव्याखाली टाचणीच्या टोकाने ती रेघ भरली. "तू काढलीस तर मला राग येईल," असं स्पष्ट सांगितलं. पट्टीबद्दल विचारलं तर म्हणाला, "ती माझी नव्हे, मला वाटलं बाबांनी लावली." खरं तर ती मी लावली होती, नऊ वर्षांची असताना. अंक ओढाओढीत फाटला आणि तो घरी यायच्या आत जोडून ठेवायचा होता. हे त्याला मी काल पहिल्यांदा सांगितलं.

पानगळ: मग पट्टी तुम्हीच काढा. रेघ राहू द्या. काय केलं ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवा: कुठे टिशू, कुठली खळ, कोणत्या तारखेला. त्यांनी भरलेल्या रंगाचीही नोंद करा.

शाईचा_डाग: दीड तास लागला. पट्टी निघाली. वरच्या पिनेजवळ मुखपृष्ठाचा टिकलीएवढा थर सोबत आला, तो तुकडा जपून ठेवलाय. पाठ चार सेंटिमीटर उसवलेली आहे. तपकिरी पट्टा तसाच आहे. टिशू मिळाला, खळ शिजवली, पण गाठी झाल्या आहेत. तशीच लावू?

खळ_आणि_कागद: नाही, गाठींसकट नको. बारीक चाळणीतून दोनदा गाळा आणि थंड झाल्यावरच वापरा. तो टिकलीएवढा तुकडाही याच खळीने आधी बसवा, टिशू नंतर. वर सिलिकॉन कागद (खळीला न चिकटणारा), टीपकागद, आणि रात्रभर हलकं वजन. पिनांना आज हात लावू नका. गंजल्या आहेत का?

शाईचा_डाग: खालची गंजली आहे. वरची ठीक. गाळायला बसते.