मदत हवी आहे: घणसोली-ऐरोलीकडे ए.ए.ची मीटिंग नक्की कुठे होते?

रबाळेकर:
नेटवर एक पत्ता सापडला म्हणून काल संध्याकाळी गेलो तर शाळेचं गेट बंद, वॉचमन म्हणे इथे कसली मीटिंगबिटिंग नाय होत. पाऊण तास थांबून परत आलो. नक्की माहीत असेल त्यांनीच वार, वेळ, जागा सांगा. मराठीत बोलणारे असतील तर बरं. प्लीज आजच सांगा, उद्यावर गेलं तर माझं काही खरं नाही.

मोगरा_ठाणे:
ए.ए. म्हणजे काय? सोसायटीची मीटिंग का?

फक्त_आज:
अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ ला अमेरिकेत ॲक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पार संपलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. फी नाही, फॉर्म नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट.
रबाळेकर, मी ११ वर्षं जातोय. बाहेर बोर्ड नसतो, शाळेची एखादी खोली तास-दीड तास घेतलेली असते, वॉचमनला खरंच माहीत नसतं. आणि बऱ्याच ग्रुपची मीटिंग रोज नसते, ठरलेल्या वारीच असते. कुठल्या वारी गेलात? संध्याकाळी किती वाजता जमतं?

रबाळेकर:
बुधवारी गेलो. संध्याकाळी नाही जमत, या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, ३ ते ११. काल दांडी मारून गेलो होतो.

फक्त_आज:
अहो मग हे आधी सांगायचं. सकाळच्या मीटिंग कमी असतात, पण लॉकडाऊनपासून ऑनलाइन बऱ्याच चालतात, फोनवर नुसतं ऐकलं तरी चालतं. ओपन मीटिंगला घरचेही येऊ शकतात, क्लोज्डला फक्त आपण. पहिल्यांदा जाताय तर कुठलीही चालेल.

माउली६१:
दादा, मीटिंगच्या नादी कशाला लागता. मी आळंदीला माळ घातली, १४ वर्षं झाली, थेंब नाही. तुळशीची माळ गळ्यात असली की हात ग्लासाकडे जातच नाही.

पारसिक_हिल:
माळ काढून पिणारेही पाहिलेत काका. माझ्या भावाने तीनदा घातली.

माउली६१:
त्याची श्रद्धा कमी पडली असेल. माझं मी सांगितलं.

सानपाड्याची_वहिनी:
माझ्या दिरासाठी आम्ही भाजीत गोळी मिसळायचो, त्याला कळलंही नाही आणि सुटली. कुणाला नाव हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

वॉर्ड_सिस्टर:
ताई, कृपा करून असलं कुणाला सुचवू नका. ती गोळी बहुतेक डायसल्फिरम. पोटात ती असताना माणूस प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, जीवही जाऊ शकतो. माणसाला सांगून, त्याची तयारी असेल तरच डॉक्टर देतात.

कोपरखैरणे_सेक्टर:
मूळ रोग दुकानं आहेत. आमच्या वॉर्डात आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूची दुकानं बंद करायच्या मतदानासाठी, बायका सह्या गोळा करतायत, सगळ्यांनी करा.

पारसिक_हिल:
तो वेगळा धागा काढा. रबाळेकर, पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहायला जा. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ ला सुरू केलेलं. माझा भाऊ शेवटी तिथूनच सुधारून आला.

रबाळेकर:
एवढे दिवस पुण्याला कसं जाऊ, कॉन्ट्रॅक्टवर आहे मी. मला फक्त मीटिंगचा पत्ता हवाय.

वॉर्ड_सिस्टर:
भाऊ, एक सांगा. शेवटची कधी घेतली? रोज किती होती?

रबाळेकर:
मंगळवारी रात्री. रोज एक क्वार्टर, सुट्टीला दोन, आठेक वर्षं. एकदम बंद केली. हात थरथरतायत, घाम येतो, झोप नाही. काल रात्री भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, लाइट लावला तर काही नाही. म्हणून तर आजच मीटिंग पाहिजे.

वॉर्ड_सिस्टर:
मीटिंग नंतर, आधी हॉस्पिटल, आत्ता. रोजची दारू एकदम थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम वाढतो, वेळेत उपचार नाही झाले तर माणूस जातो. यात मन घट्ट करून काही होत नाही. जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि किती प्यायचात ते खरं सांगा, लाजून कमी सांगू नका. औषध देऊन हळूहळू उतरवतात, व्हिटॅमिन बी-१ चं इंजेक्शन देतात. बाईक अजिबात चालवू नका, घरात कोण आहे?

रबाळेकर:
बायको माहेरी गेलीय.

फक्त_आज:
शेजाऱ्याला हाक मार. कुणी नसेल तर १०८ लाव. नंबर व्यनि केलाय, मला फोन कर, कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत बोलत राहू.

रबाळेकर:
शेजारचा पोरगा रिक्षा आणतोय.

दिघा_दीपा:
रबाळेकर, तुमच्या मिसेससाठी अल-अनॉन आहे, घरच्यांचा वेगळा ग्रुप. मी स्वतः जाते. त्यांना सांगा, नवरा प्यायला काय नि सोडली काय, त्यांनी यायचं.

माउली६१:
पांडुरंग पाठीशी आहे, जा दादा.

वॉर्ड_सिस्टर:
वाचणाऱ्या बाकीच्यांनाही, १४४१६ टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. १४४४६ खास व्यसनासाठी.

रबाळेकर (रविवार):
ॲडमिट केलं होतं. त्या रात्रीचं मला नीट आठवत नाही, इथल्या सिस्टर म्हणाल्या हात बांधावे लागले. आज कप धरता येतोय. बायको आलीय. उद्या सोडतील. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट मागितलीय, म्हणजे संध्याकाळ मोकळी. मीटिंगचा पत्ता अजून कुणी दिला नाही.

फक्त_आज:
पत्ता नको शोधूस, परत गेट बंद मिळायचं. शनिवारी साडेसहाला घणसोली स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी ये, मी असेन. ओपन मीटिंग आहे, वहिनींनाही आण.