पाहुणे घरात, घरातले फोनात. वळण लावायचं कसं?

हिंगाची_डबी

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण आठवडाभर डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी नवऱ्याचे चुलत काका आले होते, इस्लामपूरकडचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे ठाण्यात करायचं ठरतंय तर तपासणीला आलेले. येताना गुळाची ढेप आणि काकूंनी दिलेली शेंगदाण्याची चटणी, ती पण उखळात कुटलेली, मिक्सरची नाही. मी पोहे टाकले, नवरा आंघोळीला आणि बाहेर सोफ्यावर आमचे चिरंजीव, आठवीत आहेत, पाय टीपॉयवर. ओट्यापाशी उभं राहिलं की दारातून हॉल दिसतो. काका म्हणाले काय रे, कितवीला? "आठवी." मान खालीच. क्रिकेट खेळतोस का? "हं." मग काकांनी पंख्याकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे, मग परत पंख्याकडे. मी आतून ओरडले, अरे आजोबांना नमस्कार कर. उठला, वाकला, एका हाताने पायाला हात लावला, दुसऱ्या हातात फोन आणि डोळे त्या फोनवरच. काकांनी तरी डोक्यावर हात ठेवून मोठा हो म्हटलं. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं ना.

जेवायला थांबणार होते खरं तर. पोहे खाल्ले आणि "येतो मग, दादरला एकाकडे डोकवायचंय" म्हणून उठले.

ते गेल्यावर मी पोराला धू धू धुतला, तर शांतपणे म्हणतो, बाबा पण तेच करत होते. आणि करतच होते हो! आंघोळ करून आले, प्रवास कसा झाला विचारलं, आणि ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी आलं म्हणून जे घुसले ते पोहे संपेपर्यंत. आता मी काय बोलणार?

फोन काढून घ्या असं कृपया सांगू नका, करून झालंय, चार दिवस टिकतं. पाहुण्यांसमोर तमाशा न करता हे वळण लावायचं कसं? आणि ४५ वर्षांच्या माणसाला कसं लावायचं हा उपप्रश्न. पुढच्या महिन्यात काका ऑपरेशनला येणारेत, चांगले चार दिवस राहायला.

रोखठोक_नाना

दोन फटके द्या. आमच्या वेळी नुसते वडिलांचे डोळे दिसले तरी चड्डी ओली व्हायची.

हिंगाची_डबी

नाना, कुणाला देऊ, मुलाला की नवऱ्याला? :)

लालपरी_प्रेमी

ताई, पोरांना उगाच बोल लावू नका. मी दर शनिवारी स्वारगेट-सातारा करतो एसटीने, नोकरी पुण्यात आणि घरचे साताऱ्यात म्हणून. गाडीत मोठ्या आवाजात रील कोण लावतं माहितीये? पांढरा शर्ट, खिशाला पेन, साठीच्या पुढचे. एकच विनोद चार वेळा, त्यात तो हसण्याचा आवाज, मग भजन, मग कुणाचं तरी भाषण, कात्रजचा बोगदा येईपर्यंत माणूस अर्धमेला होतो. मागे एकदा एका काकांना हात जोडून म्हणलं, काका आवाज जरा कमी करता का, तर म्हणतात "तिकीट काढलंय मी". आता तिकीट मी पण काढलंय ना! आणि शेजारी कॉलेजची दोन पोरं, कानात इअरफोन, गप्प. मुंबईत बेस्टने २०२३ च्या एप्रिलमध्ये नोटीसच काढली की बसमध्ये इअरफोनशिवाय फोनवर गाणी-व्हिडिओ वाजवायचे नाहीत, रेल्वेनेही २०२२ ला सांगितलंय की रात्री १० नंतर मोठ्याने बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत. आता हे सगळं आठवीतल्या पोरांसाठी काढलं का? ज्यांनी आपल्याला "चारचौघात हळू बोलावं" शिकवलं त्याच पिढीला हे सांगायची वेळ आली.

तुमच्या पोराने निदान आवाज बंद ठेवला होता, तेवढं पदरात घ्या.

तिसरी_घंटा

+१. नाट्यगृहात पण हेच. २०१९ ला नाशिकच्या कालिदास कलामंदिरात सुमीत राघवन यांनी फोन वाजतायत म्हणून चालू प्रयोग थांबवला होता, पेपरात आलं होतं सगळं. मी एका ग्रुपसाठी पडद्यामागचं काम बघतो, हौशी. आमच्याकडे तर फोन वाजल्यावर तो उचलून "हां, नाटकात आहे, बोल" असं म्हणणारे आहेत. बोल! स्टेजवर बाई रडतेय आणि ए रांगेत "बोल".

खडू_डस्टर

मी प्राथमिक शाळेत शिकवते, २० वर्षं झाली. आधी आमचं पाप सांगते मग बाकीचं. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा आम्हीच दारोदार फोन करून पालकांना सांगत होतो की मुलाला फोन द्या, अभ्यास बुडेल. माझ्या वर्गातल्या एकाच्या घरी शेळी विकून फोन घेतला. आता त्याच पालकांना फोन देऊ नका म्हणून सांगायचं कोणत्या तोंडाने, कारण गृहपाठ अजून व्हॉट्सॲप ग्रुपवरच येतो, आणि "मी अभ्यासाचं बघतोय" हे वाक्य पोरांना फुकटात मिळालंय.

मध्ये काय झालं, दुसरीतली एक मुलगी बाईंच्या टेबलाशी कंपास घ्यायला आली. मी तिला काहीतरी विचारलं तर तिने माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं. असं. थांबा एक मिनिट. आणि कंपास उघडून पेन्सिल शोधत राहिली. मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं, कारण ते बोट मी ओळखलं. पालक सभेला तिचे बाबा कानाला फोन लावून आले होते, मी बोलायला लागले तर असंच बोट वर केलं होतं मला. फोनवर बोलता बोलताच प्रगतिपुस्तकावर सही केली. पोरगी शेजारी उभी, एकदा माझ्या तोंडाकडे बघतेय एकदा बाबांच्या. गणितात पैकीच्या पैकी होते तिला. ते मी सांगितलंच नाही शेवटी, कुणाला सांगणार.

उद्धटपणा नव्हता हो तो पोरीचा. तिला वाटतं मोठी माणसं असंच करतात.

बाळाची_आई_पुणे

बाई, तुमचं वाचून पोटात कालवलं. माझा दीड वर्षाचा आहे, फोनवर गाणं लावल्याशिवाय घासच घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि दोन ते चार वयात दिवसाला तासाभराच्या वर नको, हे मला पाठ आहे, पण सकाळी ८:२० ची बस असते तेव्हा पाठ असून उपयोग काय? शिव्या घाला पाहिजे तर.

खडू_डस्टर

शिव्या कशाला घालू बाळा, मी पण नातवाला तसंच भरवते, सुनेला सांगत नाही इतकंच.

जुना_रेडिओ

थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या लहानपणी सगळे फार सभ्य होते हे काही मला पटत नाही. ८७-८८ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर पौराणिक मालिका लागायची तेव्हा आमच्या चाळीत कुणी आलं तर त्याला हाताने खूण करून खाली बसवायचे, पाणी जाहिरात लागल्यावर. पुढे रात्री आठच्या मालिका आल्या, तेव्हा तर लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांना अर्धा तास ताटकळत ठेवलेलं मी बघितलंय आमच्याच घरात. माझे वडील सकाळी पेपर तोंडासमोर धरायचे तर समोर कोण बसलंय हे त्यांना चहा आल्यावर कळायचं. तेव्हा "फोन आला आणि संस्कार गेले" हे जरा जास्तच होतंय.

पण एक फरक आहे, आणि तो मला बऱ्याच उशिरा कळला. टीव्हीसमोर पाहुणा पण बसायचा. सरका, सतरंजीवर जागा करा, झालं. पाचव्या मिनिटाला तो पण त्या मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायला लागायचा. पेपरचं सुद्धा तसंच, मधलं पान काढून त्याला द्यायचं. फोनचं मधलं पान काढून देता येत नाही. समोरचा माणूस हसतोय, कशाला हसतोय ते आपल्याला माहीत नाही, विचारलं तर "काही नाही". हे "काही नाही" फार लागतं हो. तुमचे काका पंख्याकडे बघत होते ते त्यामुळे. पोरगा बोलला नाही याचं त्यांना इतकं वाटलं नसेल, सतरंजीवर जागा कुणी केली नाही याचं वाटलं असणार.

उपाय मला विचारू नका, मी स्वतः हे पलंगावर पडून लिहितोय आणि बायको शेजारी तिच्या फोनात आहे.

कडेगावची_लेक

ताई, आमच्याकडचं सांगते. मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे कडेगाव तालुक्यात, सांगली जिल्हा, माझ्या माहेरापासून जवळ. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो, की सगळ्यांचे फोन आणि टीव्ही बंद. साडेआठला परत वाजतो, की मोकळे. तेवढा वेळ पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. सरपंच विजय मोहिते यांनी हे सुरू केलं, सुरुवातीला लोक हसले पण, मग घरोघर फिरून बघायला माणसं नेमली. त्याच सुमारास यवतमाळकडे पुसद तालुक्यात बान्सी गावाने ठराव केला की १८ च्या आतल्या मुलांना मोबाइल नाही. दोन्ही बातम्या मी तेव्हा सासूबाईंना वाचून दाखवल्या, तर त्या पटकन म्हणाल्या, वडगावचं बरं, त्यात बाप पण आला.

आमच्या फ्लॅटमध्ये भोंगा कुठला, म्हणून आम्ही कुकर धरला. संध्याकाळी तिसरी शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन फ्रिजवर, पानं उचलेपर्यंत. सासऱ्यांचा पण. पहिल्या आठवड्यात नवरा म्हणायचा दोनच झाल्या, मोज नीट. एकदा डाळ शिजलीच नाही कारण पोरीने दुसऱ्या शिट्टीलाच गॅस बंद केला. :) दीड वर्ष झालं, महिन्यातले वीसेक दिवस पाळलं जातं, बाकीचे दिवस क्रिकेट नाहीतर ऑफिस. पाहुणे आले की मात्र कुकर लावायची पण वाट बघत नाही, नवरा स्वतःचा फोन पहिला ठेवतो, पोरं बघून ठेवतात. त्याने नाही ठेवला तर नाही ठेवत, इतकं सरळ आहे ते.

हिंगाची_डबी

सगळ्यांचे आभार, नानांचे पण. उशिरा लिहितेय कारण काका येऊन गेले.

रेडिओकाकांचं सतरंजीचं नवऱ्याला वाचून दाखवलं. काही बोलला नाही, पण काका यायच्या दिवशी बेल वाजली तेव्हा स्वतःचा फोन नेऊन फ्रिजवर ठेवला, जरा आपटूनच. चिरंजीवांनी बघितलं, डोळे फिरवले आणि स्वतःचा पण ठेवला. मी म्हटलं जिंकलो.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी काका काळा चष्मा लावून सोफ्यावर, नवरा समोर, पोरगा बाजूला, सगळे रिकाम्या हाताने आणि कुणाला काही सुचत नाहीये. तीन मिनिटं नुसता पंख्याचा आवाज. आणि मग काकांनी बंडीच्या खिशातून स्वतःचा फोन काढला. फुल्ल आवाज, लालपरीवाले दादा तुमची आठवण आली. बैलगाडी शर्यतीचे व्हिडिओ, एकामागून एक, त्यांच्या गावाकडच्या मैदानातले. चष्म्यातून दिसेना म्हणून फोन पोराच्या हातात दिला, "बघ रे जरा, यात आपली खिलार जोडी कुठाय, डाव्या अंगाचा बैल शिंगाला गुलाल लावलेला".

पोराने माझ्याकडे बघितलं, आई, आता? मी काहीच बोलले नाही. त्याने आधी आवाज कमी केला, मग व्हिडिओ थांबवून मोठा केला आणि म्हणाला, आजोबा, हा का? काका म्हणाले तो न्हवं, त्याच्या म्होरला. नवरा पण उठून मागे जाऊन उभा राहिला, कुठला कुठला करत. मी पोहे घेऊन आले ते तिथेच टीपॉयवर गार झाले.