घोरत होतो, तरी जागाच होतो?

प्रश्न (डुलकीबहाद्दर): दुपारी पेपर वाचता वाचता डोळा लागतो. बायको म्हणते, "घोरत होतास." मी शपथेवर सांगतो, जागाच होतो, बाहेरचं बोलणंही ऐकू येत होतं. कधी पायरी चुकल्यासारखा पाय झटकतो नि दचकून उठतो. नक्की खरं कोणाचं?

रातकिडा: दोघांचंही! झोपेचा पहिला टप्पा, एन-१, पाचेक मिनिटांचा. मेंदूतल्या जागेपणीच्या निवांत अल्फा लहरी विरून संथ थीटा लहरी येतात, डोळे सावकाश फिरतात. त्यात उठवलं तर बरेच जण "झोपलोच नव्हतो" म्हणतात. पायाचा झटका तिथलाच, निरुपद्रवी. घोरणं मात्र लपत नाही हो.

निशाचर: पुढे एन-२. तिथेही कान पूर्ण मिटत नाहीत. स्वतःच्या नावाने हाक मारली की मेंदूलहरींच्या आलेखात के-कॉम्प्लेक्स नावाची मोठी लाट उमटते, माणूस उठो न उठो. एन-३ मध्ये मात्र गाढ. तिथून खेचून काढलं तर वार कोणता तेही सुचत नाही. मग रेम, म्हणजे डोळे भरभर फिरणारी स्वप्नांची झोप; ती १९५३ साली नोंदली गेली. या सगळ्या टप्प्यांचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं. म्हणून गाढ एन-३ लागायच्या आत, २० मिनिटांत डुलकी आटपा.

डुलकीबहाद्दर: काल हातात किल्ल्या धरून बसलो, खाली स्टीलचं ताट. खण्णकन वाजलं. उठून पहिलं वाक्य काय म्हणालो असेन? "जागाच आहे मी." बायको अजून हसतेय.