सामूहिक गोळीबार: आधी कारणांचा अभ्यास, की आधी बंदुकांवर बंधन?

मालवण (धागा सुरू करणारा):
हा अमेरिकेचा प्रश्न आहे, असे म्हणून आपण तो बाजूला ठेवतो. पण 31 जुलै 2023 रोजी जयपूर–मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घालून ठार केले, तेव्हा ती गाडी पालघर जिल्ह्यातून, म्हणजे आपल्याच कोकणातून धावत होती. अशा घटनांची कारणे आधी अभ्यासायला हवीत, असे माझे मत आहे. पण अमेरिकेच्या काँग्रेसने 1996 साली तिथल्या रोग नियंत्रण केंद्राचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरण्यास मनाई केली आणि आदल्या वर्षी बंदुकीच्या इजांच्या अभ्यासावर खर्च झाले होते तेवढेच 26 लाख डॉलर त्या कामातून काढून घेतले. अभ्यासावर थेट बंदी नव्हती, तरी अधिकारी धास्तावले आणि या विषयासाठी वेगळा निधी पुन्हा मंजूर व्हायला 2019 चा डिसेंबर उजाडला. जे डिकी या ज्या काँग्रेस सदस्याच्या नावाने ही मनाई करणारी कायद्यातील दुरुस्ती ओळखली जाते, त्यांनीच 2012 मध्ये असे संशोधन व्हायला हवे, असे जाहीरपणे लिहिले. वाया गेलेली ती वर्षे मला अस्वस्थ करतात.

गुहागर:
मला हे पटत नाही. ऑस्ट्रेलियात 28 एप्रिल 1996 रोजी पोर्ट आर्थर येथे एकाच माणसाने 35 जणांचा बळी घेतला, आणि अवघ्या 12 दिवसांत केंद्र व राज्ये कडक बंदूक कायद्यावर एकमत झाली. पुढे सुमारे साडेसहा लाख बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट केल्या. कोणत्याही अहवालाची वाट त्यांनी पाहिली नाही. माझ्याकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि तेवढ्यात डुक्कर नि वानर बागेची नासधूस करतात, तरीही मी तो नियम योग्यच मानतो.

मालवण:
आपला परवाना आणि आपली शिस्त मला मान्य आहे. पण पालघरच्या घटनेतील हत्यार सरकारनेच हातात दिलेले होते, तिथे परवान्याचा कायदा काय करणार? अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने शाळांतील 37 हल्ले तपासून 2002 मध्ये मांडलेला निष्कर्ष पाहा: हल्लेखोर अचानक बिथरलेले नव्हते, आणि 81 टक्के घटनांत त्यांचा बेत किंवा विचार आधीच निदान एका व्यक्तीच्या कानावर गेला होता. ही गोष्ट अभ्यासाशिवाय कळली नसती.

दापोली:
याच ठिकाणी मला भीती वाटते. रागावलेली, एकाकी, निराश माणसे प्रत्येक गावात असतात आणि त्यांतला एखादाही बहुधा कधी कोणाचा जीव घेत नाही. घटना इतक्या विरळ असताना संभाव्य हल्लेखोर हुडकायला निघालो, तर शेकडो निरपराधांवर शिक्का बसेल. मानसिक आजारावर उपचार घेणारा मनुष्य तर दवाखान्याची पायरीच चढणार नाही.

मालवण:
ही भीती रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्याच अभ्यासात आहे. हल्लेखोराचे ठरावीक असे कोणतेही वर्णन उपयोगी पडत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पाहायचे ते माणसाचे बोलणे आणि त्याची तयारी, त्याचा स्वभाव किंवा आजार नव्हे.

दापोली:
तेवढ्यापुरते मी मान्य करतो. परंतु बोलणे कोणी ऐकायचे, ते कोणाला सांगायचे आणि चुकीच्या संशयातून माणसाला मोकळे कोणी करायचे, हे ठरल्याशिवाय माझा विरोध कायम राहील.

गुहागर:
आणि हे सारे ठरेपर्यंत, कर्तव्यावर निघालेल्या प्रत्येक हातात बंदूक द्यायचीच का, हा माझा प्रश्नही उभाच आहे.