जुनं फर्निचर घरच्या घरी नवं करताना: तुमचे अनुभव सांगा

पुणे
जुनं लाकडी सामान स्वस्तात घेऊन घरीच ठाकठीक केलं असेल, तर सविस्तर लिहा. काय घेतलं, कोणत्या अवस्थेत होतं, काय वापरलं, खर्च किती आला. भाड्याच्या घरात नवा संसार मांडणाऱ्या कितीतरी जणांना याचा उपयोग होईल.

सुरुवात मी करते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून लिहायचं टेबल आणलं. वरून काळंकुट्ट, पण ड्रॉवर काढून आत पाहिलं तर स्वच्छ साग. आग्रहाने सांगते ते एवढंच, की पॉलिश पेपर हातात घेण्याआधी वरचा थर कसला आहे ते ओळखा. पायाच्या आतल्या बाजूला, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून धरा. थर चिकट झाला आणि बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेपासून केलेलं, पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरने सुटलं, तर लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही, तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांचा कडक थर समजा आणि मग घासायची तयारी ठेवा. माझ्या टेबलावर चपडा निघाला. स्पिरिट आणि जुन्या सुती साडीच्या चिंध्या एवढ्यावर काळा थर उतरला. शेवटी २२० नंबरचा कागद लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच फिरवला, बस्स. टेबलाची किंमत सोडली तर सगळं हजाराच्या आत.

डोंबिवली
ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांतून जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या घेतल्या. दिसायला देखण्या, पण बसलं की डुगडुगायच्या. सुतार म्हणाला, चार खिळे मारून देतो. मी नको म्हटलं. जुन्या सांध्यात खिळा मारला की लाकूड चिरतं आणि पुढच्या दुरुस्तीची वाटच बंद होते.

जुन्या खुर्च्या बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाने, जोडलेल्या असतात, आणि सरस गरम पाण्याने मऊ होतो. सांध्यावर गरम पाण्याचं फडकं गुंडाळून ठेवलं, मग हाताने हलवत हलवत पाय सोडवले. खाचेतला जुना सरस पूर्ण खरवडून काढणं हे खरं काम. त्यावरच नवा गोंद लावला तर तो धरत नाही. लाकूड वाळल्यावर फेविकॉल लावून पाय बसवले. सांधे दाबून धरणारा शिकंजा विकत घ्यायची गरज नाही. चारही पायांभोवती जाड सुतळीचे दोन वेढे घ्या, मध्ये लाटणं अडकवा आणि पिळा. सुतळी ताणली जाते तसा सांध्यातून फेविकॉल बाहेर येतो. तो लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर वाळल्यावर त्या जागी पॉलिशचा रंग चढत नाही. लाटणं तसंच बांधून रात्रभर ठेवा. आमची मुलं आता त्याच खुर्च्यांवर रेलून अभ्यास करतात.

मिरज
पुणेकर ताई, चपडा उतरवलात, आता चपडाच चढवा. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यांवर हेच पॉलिश चढताना मी लहानपणापासून पाहत आलोय, त्यामुळे जरा जास्तच लिहितो.

लिटरभर स्पिरिटला साधारण दोनशे ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर. लोखंडी डबा नको, पॉलिश काळवंडतं. दुसऱ्या दिवशी मलमलीतून गाळा. कापूस मलमलीत बांधून मुठीत मावेल अशी पुरचुंडी करा, ती पॉलिशमध्ये ओली करा आणि कागदावर दाबून जादा निथळू द्या. मग हात लाकडावर टेकवायचा तो चालता, उचलायचा तोही चालता. मध्ये थांबलात तर पुरचुंडी खालचा थर विरघळवते आणि डाग राहतो. पुरचुंडी अडखळू लागली की तिला तेलाचं एक बोट लावायचं. पहिल्या हातांत काहीच झळाळी दिसत नाही, तरी थर जाड करू नका. पातळ, वाळवून, पुन्हा पातळ. जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटती नको. आणि टेबलावर गरम कप थेट ठेवू नका, पांढरं वर्तुळ उठतं.

रत्नागिरी
मिरजकरांच्या लिहिण्याला आमची पुरवणी: हे पावसाळ्यात करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश पांढुरकं होतं. आम्ही दिवाळीनंतरच हात घालतो. शिवाय घेताना वस्तू उलटी करून पाहा. बारीक गोल भोकं आणि खाली ताजा पिठूळ भुसा असेल तर किडा आत जिवंत आहे. अशी वस्तू कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नका. सागाचा गाभा सहसा सुरक्षित असतो, कडेची फिकट पट्टी मात्र किड्याला आवडते.

नाशिक
आईवडिलांनो, हे नक्की वाचा. आम्हाला ओळखीतून जुना लाकडी पाळणा मिळाला, त्यावर ऑइलपेंटचे थरावर थर. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आला आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते आणि रांगणारं मूल ती बोटांनी तोंडात घालतं. म्हणून आम्ही पाळणा गच्चीवर नेला, पेंट रिमूव्हर लावून रंग ओलाच खरवडला, मास्क आणि हातमोजे घालून. खपल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बंद केल्या. बाळ तेवढे दिवस आजीकडे होतं. रंग तासायची सोय नसेल तर असा पाळणा घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

नागपूर
लोखंडी कपाट चालेल ना? तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्रायमर), वर इनॅमलचे दोन पातळ हात. बिजागऱ्यांत तेल. झालं.

श्टुटगार्ट
इथे घरातलं अवजड सामान ठरल्या दिवशी रस्त्याकडेला ठेवतात. मिळतं ते बहुतेक भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं, वर मेलामाइनचा गुळगुळीत थर. अशा कपाटावर रंग थेट लावला तर नखाने सोलून निघतो. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढायचा, १८० च्या कागदाने फक्त चकाकी मारायची, मग गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा खास प्रायमर. यात कंजूषी करू नये, रंग स्वस्तातला चालतो. हाताला कोरडा लागला तरी रंग कडक व्हायला आठवडे जातात, तोवर वर जड वस्तू नको.

म्हापसा
मी पॉलिशऐवजी जवसाचं उकळलेलं तेल वापरते. आईकडच्या जुन्या बाकाला ते फार छान मानवलं, शिसवीची रेष न् रेष उठून दिसते. तेल लावून पंधरा-वीस मिनिटांनी जादा पुसून घ्यायचं. ज्या चिंध्यांनी पुसाल त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि कोंडलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. मी त्या बाहेर दोरीवर एकेक पसरून पूर्ण वाळवते, मगच कचऱ्यात.