इंडोनेशियातील चित्रपटांची पाळेमुळे इंटरनेटवर का सापडतात?

प्रश्न :
इंडोनेशियात २०२२ मध्ये ‘केकेएन दी देसा पनारी’ हा भयपट एक कोटीहून अधिक लोकांनी चित्रपटगृहांत पाहिला. त्याची कथा २०१९ मध्ये एका निनावी लेखकाने ट्विटरवर तुकड्यातुकड्यांनी लिहिली होती. ‘अगाक लाएन’ (२०२४) या विनोदी चित्रपटातील चौघे नटही त्याच नावाच्या पॉडकास्टमुळे आधीच लोकप्रिय होते. तिथले निर्माते केवळ गाजलेल्या गोष्टींवर विसंबून राहू लागले आहेत की यामागे आणखी काही कारण आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ :
निर्मात्यांना आयता प्रेक्षक मिळतो हे खरेच आहे, पण मला त्याहून मोलाची वाटते ती भाषा. तिथल्या दैनंदिन मालिका, म्हणजे ‘सिनेट्रॉन’, बहुतांशी जकार्तातील सधन घरांत घडतात आणि त्यांत जावानीज, म्हणजे जावा बेटावरील प्रादेशिक भाषेच्या, ढंगाने बोलणारे पात्र आलेच तर ते बहुधा मोलकरणीचे असते. ‘तिलिक’ हा अर्ध्या तासाचा लघुपट ऑगस्ट २०२० मध्ये यूट्यूबवर आला आणि हे चित्र पालटले. आजारी सरपंचबाईंना भेटायला गावातल्या बायका ट्रकच्या हौद्यातून दाटीवाटीने निघाल्या आहेत आणि बू तेजो नावाची बाई वाटभर गावातील एका तरुणीविषयी कुचाळक्या करते आहे, एवढेच त्याचे कथानक. संवाद प्रामुख्याने जावानीजमध्ये आहेत. महोत्सवांपुरता राहिलेला हा लघुपट यूट्यूबवर येताच देशभर पाहिला गेला आणि बू तेजोच्या ओठ मुरडून बोलण्याच्या लकबीवर असंख्य मीम निघाले. योग्यकर्ता प्रांताच्या संस्कृती विभागाने या लघुपटासाठी पैसा पुरवला होता, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

उत्तर २ :
वरील मुद्द्याला संगीताचीही जोड द्यावी. दिदी केम्पोत हे सोलो शहराचे गायक कित्येक वर्षे जावानीजमध्ये विरहगीते गात होते, परंतु २०१९ मध्ये त्यांच्या कार्यक्रमांत रडणाऱ्या तरुणांच्या चित्रफिती पसरल्या आणि ‘सोबात आम्ब्यार’ (म्हणजे साधारण ‘मन मोडलेले मित्र’) म्हणवणारा नवा चाहतावर्ग त्यांच्याभोवती उभा राहिला. मे २०२० मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते लोकप्रियतेच्या शिखरावर होते.

उत्तर ३ :
भाषेविषयीचे म्हणणे मान्य आहे. मात्र सगळे श्रेय इंटरनेटला देता येणार नाही. ‘जुम्बो’ हा २०२५ चा ॲनिमेशनपट कोणत्याही गाजलेल्या मजकुरावर आधारलेला नव्हता, तरीही त्याने एक कोटी प्रेक्षकांचा टप्पा ओलांडला. तो ईदच्या सुट्टीत प्रदर्शित झाला, आणि या सुट्टीत मुलाबाळांसह चित्रपट पाहायला निघालेल्या कुटुंबांसाठी निवड फारशी नसते, ही गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली असावी. इंटरनेटचा हात असतोच, पण तो निराळ्या जागी असतो. इंडोनेशियात चित्रपटाचे यश गल्ल्यापेक्षा प्रेक्षकसंख्येवर मोजले जाते. निर्माते वाढता आकडा वेळोवेळी समाजमाध्यमांवर जाहीर करतात आणि तो आकडाच पुढच्या खेळांची जाहिरात ठरतो.