सल्ला हवाय: ट्रम्पेटनंतर लो ब्रासकडे (खालच्या सुरांच्या पितळी वाद्यांकडे) वळायचंय, युफोनियम, ट्रॉम्बोन की ट्युबा?

खर्जवेडी:
मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा. वय ३८, शाळेत असताना पाचेक वर्षं ट्रम्पेट वाजवायचे, मग जे सुटलं ते सुटलंच. मागच्या महिन्यात एका ऑर्केस्ट्राच्या तालमीला ट्युबावाल्याच्या बरोब्बर मागे बसायला मिळालं आणि तो खालचा एकच सूर लांबवत होता तेव्हा तो सूर आधी खुर्चीच्या पाठीतून माझ्या पाठीत आला, कानाला नंतर कळला. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. ट्रम्पेटचं काही कामी येईल का की सगळं पहिल्यापासून? आणि ऐकायला कुठून सुरुवात करू तेही सांगा.

मंद्र_सप्तक:
युफोनियम घ्या, डोळे झाकून. तुमची तीन व्हॉल्व्हची (दाबायच्या कळांची) बोटं जशीच्या तशी चालतील, कारण ब्रास बँडमध्ये युफोनियमचे सूर ट्रेबल क्लेफमध्येच (उंच सुरांच्या लेखनपद्धतीत, ट्रम्पेटसारखेच) लिहितात, फक्त ऐकू येतात बरेच खाली. बेस क्लेफ (खालच्या सुरांची लेखनपद्धती) नंतर सावकाश शिका, पण शिकाच, ऑर्केस्ट्रात त्याशिवाय भागत नाही. नळी साधारण ९ फूट, म्हणजे ट्रम्पेटच्या दुप्पट, आणि माउथपीसकडून (ओठ टेकवायच्या तुकड्याकडून) बेलकडे (पुढच्या कर्ण्यासारख्या तोंडाकडे) रुंदावत जाते म्हणून तो गोल, ऊबदार आवाज.

जमलं तर चार व्हॉल्व्हचं बघा. पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की सूर चढा लागतो, तिथे त्या दोघांऐवजी चौथा कामी येतो. अगदी खाली गेलं की चौथाही पुरत नाही, त्यासाठी कॉम्पेन्सेटिंग (सुराचा चढेपणा आपोआप भरून काढणारा) प्रकार असतो, डेव्हिड ब्लेकलीने १८७४ मध्ये काढलेला. पहिल्या वर्षात त्याची गरज नाही.

खरा त्रास बोटांचा नाही, ओठांचा. ट्रम्पेटवाल्यांना ओठ आवळायची सवय असते. इथे ओठ सैल, तोंडाची पोकळी मोठी, ‘ओ’ म्हणताना होते तशी, आणि हवा भरपूर पण संथ. पहिले काही दिवस चक्कर आल्यासारखं होईल, तेव्हा लगेच थांबायचं आणि बसायचं, जोर लावायचा नाही.

सरकती_नळी:
मी ट्रॉम्बोनच म्हणणार 🙂 सरकत्या नळीच्या सात जागा, म्हणजे पोझिशन, आणि नळीवर एकही खूण नाही. तिसरी बेलच्या जरा अलीकडे, चौथी जरा पलीकडे, बाकी सगळं कानावर. ज्याला सुराची मनापासून ओढ आहे त्याला यासारखा गुरू नाही, कारण सूर चुकला तर दोष व्हॉल्व्हवर ढकलता येत नाही आणि बरोबर लागला तर तो पूर्ण तुमचा असतो. अवघड म्हणाल तर लेगाटो (सूर न तोडता जोडून वाजवणं), दोन सुरांच्या मधे नळी सरकल्याचं ऐकू येऊ द्यायचं नाही, जिभेने अगदी हलकं ‘द’ म्हणायचं आणि हात चटकन न्यायचा. माझं त्यातच वर्ष गेलं.

ऐकायला बेथोव्हेनची पाचवी सिंफनी, १८०८ची. ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग नुसते बसून असतात आणि चौथा भाग सुरू होतो तेव्हा एकदम उभं घर उजळल्यासारखं होतं. इतका वेळ गप्प बसून गार ओठांनी तो पहिला सूर लावायचा म्हणजे काय असतं ते वाजवणाऱ्यालाच माहीत.

तळघर:
ट्युबाने वेड लावलं असेल तर ट्युबाच शिका की! वजनाला घाबरू नका, स्टँड मिळतो. बी फ्लॅट (हे सुराचं नाव) ट्युबाची नळी १८ फुटांच्या आसपास, त्यामुळे श्वास लागतो खूप. शिकागो सिंफनीत १९४४ ते १९८८ ट्युबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्ज यांचं सांगणं असं की आधी सूर मनात गायचा, श्वास त्यामागून येतो, पोट-छाती-स्नायू यांचा हिशोब करत बसायचं नाही. मला हे पटायला दोन वर्षं लागली.

इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्सचा १९५४चा ट्युबा कन्चेर्टो (ट्युबा आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) ऐका, मधला संथ भाग आधी. हे वाद्य इतकं हळवं गाऊ शकतं यावर विश्वास बसत नाही.

खर्जवेडी:
सगळ्यांचे खूप आभार! युफोनियमकडे मन झुकलंय. सेकंडहँड बघू का?

तळघर:
बघा, पण हातात घेऊन. बेलवरचे पोचे चालतात, माउथपीसजवळच्या नळीवरचे नाही. तिथे गुलाबी ठिपके दिसले तर पितळ आतून खराब होतंय, सोडून द्या. सगळ्या स्लाइड (सूर जुळवायच्या सरकत्या नळ्या) ओढून बघा. मी एकदा फोटो बघून ट्युबा घेतला, तिसरी स्लाइड अडकलेली निघाली, मी हिसका दिला आणि डाग दिलेला जोड तुटून हातात आला. अडकलेली स्लाइड कारागिरानेच काढायची.

मंद्र_सप्तक:
+१. आणि माउथपीसची दांडी बारीक, मधली, जाड अशा मापांत येते, तुमच्या वाद्याला कुठली बसते ते आधी बघा. घट्ट बसायला हवी, डुगडुगली की सूर हलतो. शक्य असेल तर महिनाभर कुणाचं तरी वापरायला आणा, मग पैसे घाला.

खर्जवेडी:
उसनं आणलं! पण आज व्हॉल्व्ह काढून पुसले, तेल घातलं, परत बसवले आणि आता हवाच जात नाहीये, फुंकलं की भिंतीवर आपटल्यासारखी परत येते. काही मोडलं का माझ्या हातून?? वाद्य दुसऱ्याचं आहे, फार धास्ती वाटतेय.

मंद्र_सप्तक:
काही मोडलं नाही, शांत व्हा. प्रत्येक व्हॉल्व्हवर १, २, ३ असा बारीक आकडा कोरलेला असतो, आपापल्या जागी आहेत का बघा. मग हलकेच फिरवा, खाचेत ‘टक्’ करून बसेल, त्यानंतरच वरची टोपी लावा.

खर्जवेडी:
१ आणि ३ची अदलाबदल झाली होती! आता खालचा बी फ्लॅट लागतोय, थरथरतोय अजून, पण लागतोय.